कोळसेवाली नणंद

तंजावुरात कुठेही नारळ फुटला तरी माझ्या नणंदेला तो घरबसल्या ऐकू येतो, हे मी पैजेवर सांगते. ती इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सोडियमच्या बॅटरीसाठी करवंट्यांचा कोळसा करते. लग्नघरी सगळे पायसम वाढून घेत असतात, तेव्हा ही आचाऱ्यापाशी गोणी उघडून उभी. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तिला 'कोट्टांगुच्ची टीचर' म्हणतात, म्हणजे करवंटीवाल्या बाई. मी साताऱ्याची, मला रसायनातलं ओ की ठो कळत नाही. एकदा विचारलं, तर आपल्या तंजावुरी मराठीत म्हणाली, "वैनी, लिथियम परदेशांतून आणायला होतं. सोडियम आपल्या मिठांत अहे. पण तो जाडा. नीटनेटक्या ग्राफाइटांत मावत नाही. त्याला पसारा असलेलं घर पाहिजे." करवंटी हवा न लागू देता भट्टीत तापवली की असा आतून विस्कटलेला कोळसा मिळतो, त्याचं इलेक्ट्रोड करायचं. पसारा हवाच, हे तत्त्व ती स्वतःच्या खोलीलाही लावते.

काही वर्षांपूर्वी तिच्या एका कोळशाने कमाल केली. शोधनिबंध छापून आला, कॉलेजात हार घातले, विभागप्रमुखपद तिलाच मिळणार असं सगळे धरून चालले. तिने तोच कोळसा पुन्हा केला, तर जमेना. पहिल्याच चार्जिंगला बॅटरी निम्मा सोडियम गिळून बसायची, परत देतच नसे. वर्षभर खटपट करून शेवटी तिने आपण होऊन निबंध मागे घेतला. माझे यजमान चिडले. "कोणी विचारलं होतं का तुला?"

ती म्हणाली, "नाही. पण मला परत करायला येईना, ते येतं म्हणून कसं सांगू?"

पद दुसऱ्याला मिळालं. ही दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी गोणी घेऊन बाहेर पडली. पण जेवताना बोलेनाशी झाली, आणि ते मला फार लागलं.

मग एका दुपारी रस्सम-भात कालवता कालवता तिचा हात थांबला. "वैनी, ते पहिलं पोतं मोपेडवरून कालव्यांत पडलं होतं की." आठवडाभर पाण्यात राहिलेलं ते पोतं गावकऱ्यांनी काढून दिलं होतं. करवंटीतले क्षार पाण्याने धुऊन नेले होते. कोळसा सुधारला तो त्यामुळे. उष्ट्या हातानेच ती उठली. पुढे कित्येक महिने आमच्या अंगणात करवंट्या भिजत पडल्या, घरभर कुबट वास. पण कोळसा दर वेळी तसाच उतरू लागला. तिला कधी न पाहिलेल्या दूरच्या एका प्रयोगशाळेनेही तो करून पाहिला आणि जमतो म्हणून कळवलं. नवा निबंध छापला, त्यात कालव्यात पडलेलं पोतंही तिने प्रामाणिकपणे घातलं. आता भाजीवालीला सोडियम समजावून सांगते ती मी.

पुढच्या वर्षी ती निवृत्त होईल. परवा मी विचारलं, "तुझ्या कोळशावर गाड्या कधी धावतील?"

"वेळ लागेल. मी असेन की नाही, ठाऊक नाही."

"मग?"

"माझ्या मुली करतील की," ती म्हणाली. मुली म्हणजे तिच्या विद्यार्थिनी. नळाखाली ती हात धूत होती. रेषांत बसलेला काळा रंग जात नव्हता, आणि तिलाही घाई दिसत नव्हती.