शरदचंद्रांची दोन बोटं

पुण्यात शरदचंद्र रोज पहाटे फिरायला जात, असं घरचे म्हणत. सोसायटीतले म्हणत, फुलं चोरायला. तोंड आभाळाकडे, जणू ढगांची विचारपूस चाललीय, आणि दोन बोटं कुंपणापलीकडच्या जास्वंदीवर. देठ असा खुडायचा की फांदीला पत्ता लागू नये! "देवासाठी घेतलं तर चोरी कसली हो?" हा त्यांचा कायमचा जबाब.

२०१४च्या उन्हाळ्यात ते बर्लिनला मुलाकडे, प्रतापकडे आले. सुनेने, मीनलने, विमानतळावरच बजावलं, "बाबा, इथे कुणाच्या फुलाला हात नाही लावायचा."

"गेनाऊ!" बाबा म्हणाले. 'अगदी बरोबर'साठीचा हा एक जर्मन शब्द ते विमानातच शिकून आले होते.

रविवारी मीनलने त्यांना तिच्या इन्स्टिट्यूटचं काचघर दाखवलं. आत दमट उकाडा. एका फांदीवर अननसाच्या शेंड्यासारखं काहीतरी ऐसपैस बसलेलं. कुंडी नाही, माती नाही.

"बांडगूळ!"

"नाही हो बाबा, ब्रोमेलियाड. फ्लोरिडाच्या दलदलीत झाडांवर नुसती बसते. झाडाचं काही खात नाही."

"मग आपल्या प्रतापपेक्षा बरी."

मीनल हसली, पण लगेच गंभीर झाली. "तिकडे बाहेरून आलेल्या सोंडकिड्याने हिचा फडशा पाडलाय. आणि ही आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते न् मरते. बी हाती लागलं नाही, तर माझी संशोधनाची सगळी वर्षं पाण्यात."

उंच तुऱ्यावर पांढुरकी फुलं डोलत होती. शरदचंद्रांची बोटं वळवळली. त्यांनी हात खिशात कोंबले.

इतक्यात एक जर्मन आजी शेजारी येऊन छताकडे बघू लागली. छताकडे! शरदचंद्रांच्या मिशा ताठ झाल्या. आजीची दोन बोटं तुऱ्याकडे निघालीच होती.

"नाइन!" या जर्मन 'नाही'ने काचा हादरल्या.

"आख, मी फक्त..."

"ठाऊक आहे! देवासाठी ना?" बाबा अस्सल मराठीत गरजले.

मुक्काम संपेपर्यंत दर रविवारी तिथे त्यांचा पहारा बसला.

पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा आले, तेव्हा झाड वाळलं होतं आणि बोंडं तडकली होती. मीनलने एक हलकेच उघडलं, तशी रुईसारखी एक म्हातारी तरंगत निघाली आणि थेट सासऱ्यांच्या मिशीत विसावली.

"बाबा, हलू नका! शिंकायचं नाही!"

नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण शरदचंद्र पुतळा. मीनलने चिमट्याने बी अलगद उचलून बशीत ठेवलं, तेव्हा कुठे ते शिंकले.

माल आपल्या पायांनी चालत आला होता. आणि तोसुद्धा परत द्यावा लागला!