साडेदहाच्या सिस्टर

मंद्रूपच्या पलीकडे, जिथं दुकानांच्या पाट्या मराठी असतात आणि दुकानदार कानडी बोलतो, अशा एका गावाच्या उपकेंद्रात सिद्धेश्वरी सिस्टर काम करतात. गावात माणसाची ओळख आडनावावरून होते, नाहीतर शेतावरून. सिस्टरांची ओळख त्यांच्या हिमोग्लोबिनवरून होते. ते साडेदहा आहे. बाईचं बारा असावं लागतं, हेही गावाला त्यांनीच शिकवलेलं. त्यामुळे त्या किती कमी पडतात ते शाळेतल्या पोरांनाही सांगता येतं.

याला कारण त्यांची कामाची रीत. रक्त तपासायचं ते मुठीएवढं यंत्र उपकेंद्रात आलं, तेव्हा बोटाला सुई टोचून घ्यायला कुणी तयार होईना. बाळंतिणीच्या बोटाला तर नाहीच. ‘आदीच एवढं गेलंय, त्यात ही आनि घ्यायला आली,’ असं बायका म्हणत, आणि या युक्तिवादात चूक काढणं अवघड होतं. सिस्टरांनी वाद घातला नाही. प्रत्येक घरी त्या आधी स्वतःचं बोट टोचत, थेंब पट्टीवर घेत, पट्टी यंत्राच्या फटीत सरकवत आणि आलेला आकडा घरभर दाखवत. दर वेळी साडेदहाच्या आसपास. ‘सिस्टर, आमाला गूळ-शेंगदाणं खा म्हनता, तुमी काय खाता?’ असं एखादी म्हातारी विचारी, घर हसे, आणि त्या हसण्यात बाळंतिणीचं बोट पुढे येई. स्वतःचं उणं असं दारोदार दाखवून विश्वास कमावणारा दुसरा सरकारी माणूस त्या तालुक्यात तरी ऐकिवात नाही.

हळूहळू यंत्रावर लोकांचा भरवसा बसला. इतका, की सिस्टरांनी स्वतःला टोचणं सोडून दिलं. पट्ट्या जपून वापरायच्या असतात, आणि बोटालाही काही हक्क असतात.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी सोलापूरकडे मागापासून ट्रकपर्यंत जे जे पोटाला घालतं त्याला हळदीकुंकू लागतं. सिस्टरांनी वजनकाटा, बीपीचं यंत्र, कात्र्या ओळीने मांडल्या, झेंडू वाहिला. रक्ताच्या यंत्राला कुंकू जरा सढळ हाताने लावलं, कारण वर्षभर सगळ्यात जास्त राबलं होतं ते.

दसऱ्यानंतर गावातल्या बायकांचं रक्त वाढलं. जी नऊवर होती ती तेरावर गेली. तालुक्याच्या बैठकीत उपकेंद्राचं कौतुक झालं, सिस्टरांना गुलाबाचं फूल मिळालं. त्यांनी ते घेतलं. घरोघरी फिरून घसा कोरडा केला होता. त्याचं फळ आलं असं वाटण्यात गैर काही नव्हतं.

त्याच दिवसांत धनगर वस्तीवरची सुकन्या दवाखान्यात बाळंत होऊन माहेरी आली. अंगावरून जास्तच जात होतं. आली त्या दिवशी यंत्राने साडेबारा दाखवलं, आणि तिची आई मायाक्का, जिची हयात मेंढरांमागे गेली, संध्याकाळपर्यंत ते वस्तीभर सांगून आली. जणू साडेबारा तिनेच घरी दळले होते.

दुसऱ्या दिवशी सिस्टर पुन्हा डोकावल्या. सुकन्या बाळाला घ्यायला उठली आणि भिंत धरून खाली बसली. बोलताना धाप लागत होती. सिस्टरांनी तिची पापणी ओढून पाहिली, मग बोट टोचलं. यंत्र साडेबारावर ठाम.

“मायाक्का, हिला सोलापूरला नेऊ. आत्ताच.”

“का? बारा आलं की. वर अर्दा.”

“आलंय. मला पटत नाही.”

“अवो, तुमीच म्हनला हुता, मानसाचा डोळा फसतो, मशीन फसत न्हाय. आमी आत्ता कुटं मानाय लागलो, तर तुमीच उलटला व्हय?” मायाक्का पाटा धूत होती, तो तिने आपटूनच ठेवला. “उद्या पाचवी हाय. सटवाई पोराचं नशीब लिवायला येनार, अन् घराला कुलूप?”

इतकी वर्षं सिस्टरांनी जे पेरलं होतं, तेच कमरेवर हात ठेवून समोर उभं होतं. सुकन्याचे ओठ पिठासारखे दिसत होते. काहीच सुचेना तेव्हा माणूस जुन्या सवयीकडे जातो. सिस्टरांनी स्वतःचं बोट टोचलं.

चौदा.

मायाक्काला अक्षर येत नाही, पण आकडे येतात. मेंढरं राखणाराला ते टाळता येत नाहीत. तिने यंत्राकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे.

“चौदा? तुमी?”

“अय्यो, मलाही तेच वाटतंय.”

“तुमी तर साडेदाच्या की! लबाड हाय हे.”

सिस्टरांनी यंत्र तळहातावर उलटं करून थोपटलं. फटीतून चिमूटभर कुंकू सांडलं. आतल्या काचेवर लाल साय धरली होती. गेले कित्येक दिवस यंत्र त्या लालीतूनच सगळ्यांचं रक्त पाहत होतं आणि खूश होत होतं.

“खंडेनवमीचं,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “मीच लावलं.”

“मशीनच्या डोळ्यात?” मायाक्काला राग येण्याऐवजी नवल वाटलं. “आमी मेंढरावर भंडारा उधळतो, पन डोळं झाकून धरतो की त्याचं.”

मग ती लेकीजवळ गेली, आणि आजारी मेंढराची बघतात तशी अंगठ्याने तिची पापणी खाली ओढली. आतून पापणी पांढरी होती.

“मेंढरू असतं तर कालच वळखलं असतं मी,” ती म्हणाली. “लेक म्हनून मशीनवर सोडलं. गाडी बोलवा बाई. सटवाईला सोलापूरचा पत्ता कुनी सांगाय लागत न्हाय.”

सोलापूरच्या प्रयोगशाळेत सुकन्याचं रक्त सहाही भरलं नाही. पिशव्या लावल्या, रक्तस्राव थांबवला. पाचवीची पूजा वॉर्डात, खाटेच्या पायाशी, लोकांचा डोळा चुकवून झाली.

सुकन्या वाचली, पण सिस्टरांचं काम तिथून सुरू झालं. तालुक्याला जाऊन त्यांनी सांगितलं की दसऱ्यापासूनचे सगळे आकडे खोटे आहेत.

“कारण काय लिहू?” साहेबांनी विचारलं.

“हळदीकुंकू.”

साहेबांनी थोडा विचार करून ‘तांत्रिक बिघाड’ असं लिहिलं. गुलाबाचं फूल वाळून गेलं होतं, त्यामुळे ते परत करायचा प्रश्न आला नाही.

मग यंत्र बदलून घेऊन त्या दसऱ्यानंतरच्या प्रत्येक बाळंतिणीच्या, प्रत्येक गरोदर बाईच्या दारात पुन्हा गेल्या. चूक माझी होती, असं उंबऱ्यातच सांगायच्या. कुणी चिडलं. ‘मागल्या बारीला चांगलं हुतं, तुमी परत मोजलं अन् घटवलं,’ असंही एकीने सुनावलं. सिस्टरांनी तेही ऐकून घेतलं, तिला गोळ्या दिल्या आणि पुढच्या घरी गेल्या. प्रत्येक घरात आधी स्वतःचं बोट. बोटांची चाळण झाली. ज्यांचं रक्त खरोखर कमी निघालं, त्यांना त्यांनी स्वतः दवाखान्यात नेलं.

शेवटी धनगर वस्ती. सुकन्या ओसरीवर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने बोट पुढे केलं, तर मायाक्काने मध्येच हात घातला.

“आदी तुमचं.”

सिस्टरांनी स्वतःचं टोचलं. मायाक्का यंत्रावर वाकून बघत राहिली.

“साडेदा,” तिने मोठ्याने वाचलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. “हां. आता घ्या माझ्या लेकीचं.”

लेकीचं साडेनऊ भरलं. चढतं होतं. मायाक्का आत गेली, बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली, आणि त्यातले दोन सिस्टरांच्या हातावर ठेवले.

“खावा,” ती म्हणाली. आणि लगेच, काहीतरी आठवल्यासारखी, त्यातला एक उचलून परत डब्यात टाकला. “लई नगं. तुमचं वाढलं तर आमी मशीन कशावर तपासायचं?”