छातीखालची कडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच — मंगलवहिनी त्याच्या सख्ख्या वहिनी.

अंधेरीच्या एका गाळ्यात आमची लहानशी कंपनी आहे. स्तनांच्या एमआरआयसाठी लागणारी ग्रेडियंट कॉइल मी डिझाइन करते. म्हणजे तांब्याचं वेटोळं. ते शरीराच्या जितकं जवळ, तितकं चित्र स्पष्ट. बाईनं त्यावर पालथं झोपायचं. मी ते इतकं जवळ आणलं होतं की सगळे खूश होते, आणि मी तर हवेतच होते.

पहिला नमुना तयार झाला. टीममध्ये बाई मी एकटीच, म्हणून मीच झोपून बघितलं. कडा बरगडीत रुतली. कॉइल सुरू झाली तशी हाडावर थरथरायला लागली — डोळ्यांत पाणी आलं. उठले तेव्हा सगळे पुरुष माझ्या तोंडाकडे बघत होते. दुखतंय म्हटलं असतं, तर कुठे ते हात लावून दाखवावं लागलं असतं. लाज वाटली? वाटली. पण खरं सांगू? कडा मागे घ्यायची तर वेटोळंही लांब जाणार, आणि माझं सगळं केलेलं पाण्यात. मी म्हणाले, "झकास!"

पुढे चाचण्यांत बायका कुरकुरल्या. मी स्वतः झोपलेय, एवढं मी म्हटलं की विषय संपायचा. बाईच सांगतेय म्हटल्यावर कोण काय बोलणार?

मग वहिनींच्या छातीत गाठ लागली. आमची चाचणी मुलुंडला चालू होती, तिथे मीच त्यांना नेलं — मोठ्या तोऱ्यात.

"माका टोचता गो. श्वास घेवक गावना नाय."

"वहिनी, मी झोपलेय ना त्यात! जरा कळ काढा."

त्या हलल्या, मधेच उठल्या. चित्र पुसट आलं, कामाचं नव्हतं. घाबरून त्या पुन्हा कुठल्याच मशीनवर जाईनात. टोचतं ते मशीनच, एवढं मी घरी सांगितलं असतं तर? मी सांगितलं, वहिनींना धीर नाही. सगळ्यांना पटलं. त्यांनासुद्धा.

गाठ काय आहे ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटी वाकोल्याच्या घरी त्यांनी माझा हात धरला.

"मशीनचो दोष नाय गो, माकाच धीर नव्हतो. राग धरू नको."

मी म्हणाले, "नाही रागावले, वहिनी."

मी त्यांना माफ केलं.