मी निवडलेला कॅमशाफ्ट आणि कमळेचा नवरदेव

माझ्या मधल्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाची मिरवणूक ताशी पंचवीस मैल वेगाने निघाली, याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

आम्ही तंजावरकडचे मराठी, पण मद्रासेत मुरलेले. त्यामुळे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाला उघड्या मोटारीत बसवून, पुढे नादस्वरम् ही लांब सनई आणि तविल हा ढोल वाजवीत, पावलापावलाने मांडवात आणण्याची इथली रीत आमच्याही अंगवळणी पडली होती. कमळेचे लग्न ठरले आणि आप्पांनी व्याह्यांना छातीठोक सांगितले, "भाड्याची मोटार कशाला? आमच्या थोरल्या जावयाची आहे ना!"

जावयाची मोटार होती खरी. फक्त तिचे इंजिन आमच्या पडवीत, जुन्या धोतरावर, उघडेवाघडे पडले होते! आमचे 'हे' पेशाने इंजिनियर आणि छंदाने त्याहून इंजिनियर. त्यांनी सिलिंडर रुंद करवले होते, कॉम्प्रेशन वाढवले होते, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवले होते. उरला होता कॅमशाफ्ट. म्हणजे इंजिनाने श्वास केव्हा घ्यावा, किती खोल घ्यावा आणि केव्हा सोडावा हे ठरवणारी पोलादी दांडी. तो कोणता घ्यावा यावर हे तीन आठवडे आलेख काढीत होते. लग्न दहा दिवसांवर आले, तेव्हा मी पदर खोचला. आज कॅमशाफ्ट घेतल्यावाचून घरी परतायचे नाही!

पुदुपेटच्या मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात उन्हाने तापलेल्या लोखंडाचा आणि ग्रीसचा असा दाट वास होता, की माझ्या वेणीतल्या मोगऱ्याने मान टाकली. मेस्त्रींनी वर्तमानपत्रावर दोन दांड्या मांडल्या. एकीचे उंचवटे बेताचे, विनयशील. दुसरीचे भरदार; बोट फिरवावे तर चढ संपता संपेना. पहिली म्हणजे साधा अनुष्टुभ. दुसरी साक्षात शार्दूलविक्रीडित!

"हीच," मी म्हणाले.

"अगं, हा शर्यतीचा कॅम आहे," हे म्हणाले. "वरच्या वेगात इंजिन मोकळं गातं, पण हळू जाताना गुदमरतं. मोटार बहुतेक वेळ कोणत्या वेगानं चालणार, ते पाहून कॅम निवडायचा असतो."

"मग दोन कार्ब्युरेटर कशाला बसवलेत? भाजी आणायला?"

(नवऱ्याच्या मनातलीच इच्छा त्याच्या तोंडावर फेकली, की तो फार काळ लढत नाही.)

मेस्त्रींनी मात्र शेवटचा प्रयत्न केला. "अम्मा, गाडी पळवायची, की हळू न्यायची?"

"पळवायची!" मी ठणकावले. मिरवणूक पावलाने चालते, हे मला त्या क्षणी आठवले नाही. आणि यांना आठवले असलेच, तर ते बोलले नाहीत.

मिरवणुकीच्या संध्याकाळी मैलापूरच्या देवळाजवळ मोटार फुलांनी मढून उभी राहिली. मांडव देवळाभोवतीच्याच एका रस्त्यावर होता. साडेसातला मांडवात लग्ननिश्चयाचे, म्हणजे दोन्ही घरांनी सर्वांसमक्ष लग्न पक्के केल्याचे, वाचन होते. त्याच्या आत नवरदेव पोचायला हवा होता, आणि मुख्य म्हणजे मानाने पोचायला हवा होता. मागे नवरदेव रामचंद्र, नव्या सुटात. शेजारी त्याचे थोरले काका, जरीच्या पगडीत. पुढे हे, आणि यांच्या शेजारी हट्टाने मी.

इंजिन सुरू झाले आणि हिवताप भरल्यासारखी सारी मोटार कापू लागली. यांनी क्लच सोडला. मोटार खोकली, बंद पडली. पुन्हा सोडला, तशी तिने अशी झेप घेतली, की नादस्वरवाल्याने उरलेला आलाप गिळून थेट नारळाच्या हातगाडीवर आसरा घेतला!

"ही मिरवणूक आहे की अपहरण?" काका गरजले.

यांनी क्लच अर्धवट दाबून पाहिला. लगेच करपट वास सुटला आणि जाईच्या सुगंधाचा त्याने क्षणात पराभव केला.

"क्लच जळतोय," हे माझ्या कानात म्हणाले. "आता एक तर थांबायचं, नाही तर पळायचं."

काकांचे कान तीक्ष्ण होते. "थांबवाच! मुलगा उतरेल आणि रिक्षानं घरी जाईल. आमच्या घरची शोभा झाली तेवढी पुरे!"

नवरदेव वाटेत उतरला, तर आप्पांची मान कायमची खाली जाणार होती. आणि कमळा तर मांडवाच्या दारात उभी होती. मी मागे वळले.

"कोणीही उतरणार नाही!" आणि यांना म्हणाले, "पळवा!"

"कुठं?"

"देवळाभोवती चार रस्ते कशाला आहेत? वाजंत्री चालू दे पावलानं. ती दारात पोचेपर्यंत आपण प्रदक्षिणा घालू!"

आणि आम्ही निघालो. खरे सांगते, त्या वेगात इंजिन असे गात होते, की दोन क्षण मी लग्न विसरले. पहिल्या फेरीला मांडवाच्या दारातल्या बायकांनी आरतीचे ताट उचलले, तोवर आम्ही कोपऱ्याआड! दुसऱ्या फेरीला काकांचे मराठी संपले आणि ते तमिळमधून "मेल्ल! मेल्ल!", म्हणजे हळू, हळू, असे ओरडू लागले. तिसऱ्या फेरीला ओट्यावरची मंडळी देवाचा रथ यावा तशी हात जोडून उठली. चौथ्या फेरीला रस्त्यात आप्पा हात जोडून उभे होते. पण तो नमस्कार नव्हता. पाचव्या फेरीला वाजंत्री दारात पोचलेली दिसली. यांनी इंजिन बंद केले आणि मोटार हंसासारखी तरंगत नेमकी दाराशी थांबली. सात वाजून पंचवीस मिनिटे!

काका उतरले. पगडी मागच्या कुठल्याशा रस्त्यावर राहिली होती. "रामू, चल. या घराशी सोयरीक नको."

रामचंद्राच्या गळ्यातल्या हारात दोराच तेवढा उरला होता. केस उभे होते. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काका, पहिल्या चार फेऱ्यांत मुलगी चारदा डोळ्यांपुढून गेली. एकदाही धड दिसली नाही. आता उभी आहे, तर जरा पाहू तरी द्या!"

आधी हसली कमळा. मग ओटा हसला. सर्वांत शेवटी काका; तेही आधी पाणी मागून प्यायले आणि मग हसले. निश्चयाचे वाचन वेळेवर झाले.

वर्षभरात धाकटीचे ठरले आणि मी माहेरी आले. आप्पांनी या वेळी मोटारीचे नावही न काढता जटका, म्हणजे घोड्याचा टांगा, ठरवला. घोडा पाहायला मात्र ते भर दुपारी, मला डुलकी लागल्याची खात्री करून, चपला हातात घेऊन गेले.