कुरडयांची राखण आणि अनाहत नाद

मला ब्रह्मानंद आयुष्यात एकदाच मिळाला. डोंबिवलीला, चाळीच्या अंगणात, कुरडयांच्या बाजेशेजारी.

पन्नास सालानंतरची गोष्ट. कल्याणला एका स्वामींची प्रवचनं ऐकून मी ध्यानाला बसू लागलो होतो. स्वामी सांगत, "ध्यान जमलं की आत घंटेचा नाद उमटतो. तोच अनाहत नाद! मग मी-तूपण उरत नाही, सगळं विश्व एक होतं." माझी प्रगती झपाट्याची होती. (हे माझं मत. दुसऱ्या कोणाचं नव्हतं.)

त्यात धाकट्या बहिणीचं, शांताचं लग्न तोंडावर आलेलं. रुखवतात मांडायच्या कुरडया तिनं आणि माझ्या बायकोनं कंबर मोडेपर्यंत खपून घातल्या होत्या. सासरची माणसं भारी चिकित्सक! रुखवतात काही कमी दिसलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागणार, ही घरादाराला धास्ती.

रविवारी दोघी बांगड्या भरायला निघाल्या.

"अहो, आज शेवटचं ऊन आहे. कुरडयांवर जरा लक्ष ठेवा."

"मी ध्यानाला बसणार आहे."

"मग लक्ष कोण ठेवणार?"

"अगं, ध्यान म्हणजेच लक्ष! डोळे मिटून बसलो तरी मुंगी चाललेली कळते मला."

"दादा, मुंगीचं राहू दे," शांता म्हणाली, "कावळे तेवढे हाकल."

मांडीवर काठी घेऊन मी पाटावर बसलो आणि डोळे मिटले. आणि काय सांगू, घंटा वाजली! किण... किण... आधी लांबून, मग अगदी जवळ. अंगावर काटा आला. पाठोपाठ कुर्रकुर्र असा सूक्ष्म ध्वनी. (मायेचे पापुद्रे तुटत असावेत!) कपाळावर उबदार श्वास आला, आणि काहीतरी ओलं, खरखरीत टाळूवरून फिरलं. गुरुकृपा आणखी कशी असते? मी-तूपण संपलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

"अहो!!"

डोळे उघडले. समोर गवळ्याची कपिला. गळ्यात घंटा, तोंडातून लोंबणारी अर्धी कुरडई. बाजेवर नुसतं कुरडयांखाली अंथरलेलं धोतर उरलं होतं, त्याचंही एक टोक चघळलेलं.

"तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?" बायको ओरडली.

"आलं ना! घंटा ऐकू आली."

शांता मटकन पायरीवर बसली आणि रडायला लागली. मग मात्र माझं ब्रह्म झटकन जागेवर आलं. फार वाईट वाटलं मला.

पुन्हा गहू भिजत घालायला वेळ नव्हता. टोपली घेऊन मी चाळीत दारोदार फिरलो. प्रत्येक घरानं डब्यातल्या चार कुरडया काढून दिल्या, पण त्याआधी घंटेची गोष्ट साग्रसंगीत वदवून घेतली. विश्व नाही, पण चाळ त्या दिवशी एक झाली.

लग्नात विहीणबाई रुखवतापुढे थबकल्या. "अगंबाई, किती तऱ्हेच्या कुरडया!" शांतानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

ध्यान मी सोडलेलं नाही. फक्त एक फरक पडलाय. देवळात घंटा वाजली की लोक डोळे मिटतात, मी उघडतो!