बाबांचा आवाज कस्टम्समध्ये अडकला तेव्हा

बाबांनी आयुष्यभर वकिली केली, म्हणजे आवाजावरच घर चालवलं. कर्करोगात स्वरयंत्र काढल्यावर गळ्याला टेकवून बोलायचं एक छोटं यंत्र ते वापरू लागले. आमच्या काचीगुड्याच्या घरात ते गॅलरीतून खाली पडलं आणि फुटलं. इथे तसं मिळेना, म्हणून मी परदेशातून ऑनलाइन मागवलं.

शुल्काचा अंदाज मी आधीच काढला होता. वस्तूची किंमत, त्यात भाडं आणि विमा, त्यावर कस्टम्स, आणि या सगळ्या बेरजेवर जीएसटी. करावरही कर! चरफडत का होईना, तेवढे पैसे बाजूला काढले. कुरियर कंपनीचा मेसेज आला तो जवळजवळ दुपटीचा. त्यांनी वस्तूची नोंद वैद्यकीय उपकरणाऐवजी जास्त शुल्काच्या 'मायक्रोफोन'खाली केली होती.

कुरियरची फोनवरची मुलगी इथल्या दख्खनी हिंदीत म्हणाली, "मॅडम, सिस्टम में माइक आरा. हम क्या करना?"

"अहो, माझे वडील त्याच्याशिवाय बोलू शकत नाहीत!" मी आधी मराठीत ओरडले, मग हिंदीत. डॉक्टरांची चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं: आधी पैसे भरा, मग तक्रार करा, उशीर झाला तर गोदामभाडं वेगळं.

बाबा समोरच बसले होते. चहात साखर कमी आहे एवढं सांगायलाही त्यांना टाळी वाजवून मला बोलवावं लागत होतं. मी पैसे भरले. बाबांच्या तोंडावर हात दाबून कुणीतरी माझ्याकडून खंडणी उकळल्यासारखं वाटलं.

पार्सल आलं. बाबांनी यंत्र गळ्याला लावलं आणि त्या घरघरत्या, एकसुरी आवाजात पहिलं वाक्य बोलले, "पावती कुठंय?"

मला हसू आलं नाही. इतक्या दिवसांनी बोलायला मिळालं आणि माणसाला हे बोलावं लागतं!

दुपारभर त्यांनी तक्रार सांगितली, मी टाइप केली. "'विनंती' खोड," ते म्हणाले. "'मागणी' लिही."

बऱ्याच महिन्यांनी जास्तीचं शुल्क परत आलं. कुरियरने मात्र स्वतःचा 'प्रक्रिया आकार' ठेवून घेतला, कारण म्हणे सेवा दिलेली आहे.

"जाऊ दे आता," बाबा म्हणाले.

मी जाऊ दिलेलं नाही. चुकीचं नाव लिहिलं, ही कसली सेवा? अजूनही मी त्या कुरियर कंपनीला पत्रं पाठवते, आणि दरवेळी 'विनंती' खोडून 'मागणी' लिहिते.