ताट रत्नाला दिलं

"तू राहू दे गं. रत्ना, तू घे ताट."

यजमान काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या. अमेरिकेतल्या कॅरी गावातलं त्यांचं घर. गणपतीची आरती नुकतीच संपली होती. प्रसादाच्या ताटाकडे गेलेला माझा हात तसाच राहिला. थोड्या वेळापूर्वी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. गाव विचारलं होतं. मग नुसतं "अच्छा."

आमच्या घरी गणपती नसतो. आम्ही बौद्ध. पण परक्या मुलखात चार माणसांत मराठी ऐकावं म्हणून गेले होते.

रत्ना माझ्या ऑफिसातली. इंडोनेशियातल्या जावा बेटावरची, धर्माने मुसलमान. मीच तिला नेलं होतं. जावात कातडी बाहुल्यांच्या सावल्यांतून भीम-अर्जुनाचे खेळ करतात, असं तिने सांगितलं आणि काकू हरखल्या. "नावसुद्धा आपलंच! अगदी आपल्यातली आहे गं!"

समुद्रापलीकडची पोर आपल्यातली. मी परभणीची. मी कोण?

जळले मी. काकूंवर नाही, रत्नावर. तिच्या नावावर, तिच्या भीम-अर्जुनावर. माझ्या हातावर मोदकही तिनेच ठेवला. हसत.

परतताना गाडीत ती खुशीत होती. सांगत होती, "आमच्या जावानीज भाषेत पायऱ्या आहेत. वरच्या माणसाशी बोलायचे शब्द वेगळे. आमची मोलकरीण आमच्याशी बोलताना भाताला सेकुल म्हणते. आम्ही तिच्याशी बोलताना सेगो म्हणतो. साधा शब्द."

"ती तुमच्याशी सेगो म्हणाली तर?"

"असं कोणी करत नाही. फार उद्धट दिसेल."

मी गाडी चालवत राहिले. हिच्या जागेसाठी मी जळत होते. ती जागा मिळाली असती, तर मीही अशीच हसत ताट फिरवलं असतं. खाली कोण राहिलं, ते बघितलंही नसतं.

दिवाळीआधी काकूंचा फोन आला. "रत्नाला घेऊन ये हं. तिचा तो जावाचा डान्स ठेवू या."

"नाही आणणार. मीही येणार नाही. त्या दिवशी ताट मला का दिलं नाहीत, काकू?"

"अगं, उगाच मनाला लावून घेतेस. अमेरिकेत कोण असलं बघतं?"

"तुम्ही बघितलंत."

फोन त्यांनी ठेवला.

ऑफिसात जेवताना रत्नाला सगळं सांगितलं. ती काकूंवर संतापली. मग मी म्हटलं, "तुझ्या घरीही हेच आहे." ती डबा उचलून निघून गेली. माझ्यावर रुसून नंतर काकूंकडेच दिवाळीला एकटी गेली. तिचे नाचतानाचे फोटो मी पाहिले. पुन्हा जळले. अजूनही जळते.

जळते तर जळते. आपल्यातली म्हणा, असं मी कोणाला विनवणार नाही. आणि जे दिसेल ते तोंडावर बोलणार. काकूंच्याही, रत्नाच्याही.